नाल्यापलीकडचं ग्रीन

पुण्यात ज्या कोर्सवर मी गोल्फ शिकले, तिथल्या सातव्या होलपाशी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला वाटलं, आपण चुकून भलतीकडे आलोय. समोर जमीनच नव्हती. पायापुढे दहा-बारा पावलं कापलेलं गवत, मग एकदम उतार, खाली नाला, नाल्यात बाभळी आणि घाणेरीची दाटी. हे सगळं ओलांडून पलीकडच्या टेकाडावर रुमालाएवढं हिरवं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, आणि भोकात रोवलेला पिवळा झेंडा. उजव्या हाताला वाळूचे दोन खड्डे, डाव्या हाताला घसरण. मधे चेंडू टेकवायला कुठे जागाच नव्हती. होती ती फक्त ग्रीनच्या अलीकडे, गवताची एक चिंचोळी पट्टी.

गोल्फमध्ये प्रत्येक होल किती फटक्यांत संपवायचं याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. सातव्याचा पार तीन. पहिल्या फटक्यात चेंडू ग्रीनवर पोचवायचा आणि मग दोन हलक्या फटक्यांत भोकात घालायचा, असा हिशेब. एरवी अशी होलं आखूड असतात. हे मात्र बायकांसाठी पुढे घेतलेल्या जागेवरूनसुद्धा एकशे ऐंशी यार्ड होतं. चांगले दांडगे पुरुष इथे आल्यावर गप्प व्हायचे.

तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपन्या रोज नव्याने उघडत होत्या. मी चौतीस वर्षांची, एका टीमची प्रमुख, राहायला वारज्याला. आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचे अमेरिकेतले साहेब गोल्फ खेळायचे, म्हणून आमच्या साहेबांनी आम्हा सहा जणांना गोल्फ शिकायला धाडलं. तीन महिन्यांत पाच जण गळाले. मी राहिले. का राहिले ते नारायण पेठेत वडिलांना समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपलाच चेंडू आपणच लांब फेकायचा, आणि मग आपणच शोधत हिंडायचं. बरं आहे. शिकलेल्या माणसांना काहीतरी उद्योग हवाच."

त्या पहिल्या सकाळी मी सातव्यावरून तीन चेंडू मारले. तिन्ही नाल्यात गेले. चौथा काढायला वाकले तर मागून आवाज आला, "तुमचं नाल्याला दान देऊन झालं असेल तर आम्ही पुढे जाऊ का?"

मागे एक सत्तरीच्या बाई उभ्या होत्या. फिकट सलवार-कमीज, वर पुरुषी स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर कापडी टोपी. शेजारी त्यांचा कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची क्लबांची, चेंडू मारायच्या काठ्यांची, पिशवी वाहणारा माणूस. तोही पन्नाशी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, हातात जाड सोन्याची अंगठी. ओशाळून मी बाजूला झाले.

कॅडीने चेंडू लावून दिला. बाईंनी फार जोर न लावता फटका मारला. चेंडू नाला पार करून ग्रीनच्या अलीकडच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर जाऊन थांबला. मी त्यांच्या मागोमाग छोट्या लाकडी पुलावरून पलीकडे गेले. पट्टीवरून त्यांनी चेंडू हलकेच वर चढवला, तो झेंड्यापासून थोडा दूर राहिला. मग कॅडी म्हणाला, "पाच पावलं, बाई. जरा उजव्या अंगाला उतार हाय." त्याने पटरचं, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायच्या क्लबचं, तोंड बोटाने सरळ करून दिलं. बाईंनी चेंडू ढकलला आणि तो भोकात पडला. तीन फटके. ग्रीनला थेट हात न लावता पार.

"सुंदर खेळलात," मी म्हटलं.

"बघितलंत ना? मग झालं. मला काही ते बघायला मिळालं नाही," त्या म्हणाल्या. त्या माझ्याकडे पाहत बोलत नव्हत्या. माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी पाहत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. या बाईंना दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना मधोमध डाग पडले होते, ते त्यांनी पुढे मला समजावून सांगितलं. कडेकडेचं अंधुक दिसायचं, पण ज्याच्याकडे थेट पाहावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं. "चेंडूकडे बघितलं की चेंडू जातो. म्हणून मी चेंडूशेजारच्या गवताकडे बघते. मग तो बिचारा कोपऱ्यात येऊन बसतो." पन्नास पावलांच्या पुढे सगळं दूध. हे होल त्या तीस वर्षं खेळत आल्या होत्या, त्यातली शेवटची चार वर्षं अशी.

त्यानंतर बुधवारी आणि शनिवारी सकाळी मी त्यांच्यासोबत खेळायला लागले. कुणी बोलावलं, कसं ठरलं, आठवत नाही. मी त्यांना एकदाच काकू म्हटलं. "कुणाची?" एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हापासून मीही कॅडीसारखं त्यांना बाई म्हणू लागले. त्या निवृत्त डॉक्टर होत्या, भूल देणाऱ्या. यजमान लष्करात इंजिनिअर होते. त्यांनीच बाईंना चाळिशीत हा खेळ शिकवला आणि पाच वर्षांनी ते गेले. बाई खेळत राहिल्या.

कॅडी पहिल्यापासूनचा. त्याचं गाव कधीच शहराच्या पोटात गेलं होतं. घरच्या जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या, पुतणे मोठ्या गाड्यांतून फिरायचे. त्याला कुणाची पिशवी उचलायची काही गरज उरली नव्हती. बाकी सगळी कामं त्याने सोडली, ही एक पिशवी ठेवली. पुतणे नावं ठेवायचे. "त्यांना म्हनलं, तुमी जिमला जाता ना पैसे भरून? मी हितं जातो," असं त्याने मला एकदा सांगितलं.

त्या डिसेंबरात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दीड महिना वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. कोर्सवर दुसरे कॅडी होते, पण बाई कुणाला घेईनात. शेवटी पिशवी एका ढकलगाडीवर बांधली, ती मी ढकलू लागले, आणि बाईंचे डोळे मी झाले.

मला वाटलं होतं, त्यात काय एवढं. दिसतंय ते सांगायचं. पहिल्याच दिवशी सातव्यावर त्यांनी विचारलं, "कसं आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे काय? माझ्या मुलीचं स्थळ आहे का ते? वारा कुठून आहे?"

मी बोट ओलं करून वर धरलं. "समोरून. थोडा डावीकडून."

"इथला विचारत नाहीये. तिथला. झेंडा बघ."

मी झेंडा पाहिला. इथे वारा समोरून होता आणि तिथे झेंडा चक्क उलट्या दिशेला फडकत होता. इतके महिने मी ते होल खेळत होते आणि ही गोष्ट मला कधी दिसली नव्हती. नाल्यात वारा वळतो, हे बाईंनी सांगितलं. बाभळीचे शेंडे कुठल्या बाजूला झुकलेत, गवतावरचं दव कुठवर वाळलंय, झेंडा ग्रीनच्या पुढच्या अंगाला आहे की मागच्या, वाळूत कालच्या माणसांचे पाय उमटलेत की माळ्याने दाताळं फिरवलंय, हे सगळं त्यांना हवं असायचं. सांगता सांगता मला दिसायला लागलं. ऑफिसात दिवसभर पडद्याकडे बघणारे माझे डोळे सकाळी त्या बाईंसाठी पहिल्यांदा कामाला लागले असं म्हटलं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र मी सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितली. ग्रीनच्या मागे, कोर्सच्या हद्दीबाहेर, नवी काचेची इमारत झाली होती. जुने सभासद तिला येता-जाता शिव्या घालायचे, देखावा बिघडवला म्हणून. आमचं ऑफिस त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं, पण मी तिथे ते कधी बोलत नसे. बाई एकदा म्हणाल्या, "ती काच कुणी लावली त्याचं भलं होवो. सकाळी आपल्या पाठीमागून ऊन येतं ना, ते तिच्यावर पडतं. मला सगळ्या दुधात तेवढी एक चकाकी दिसते. झेंडा तिच्या कुठल्या बाजूला ते सांग, बाकी मी बघते." मी म्हटलं, "बाई, मी तिथेच काम करते." त्या म्हणाल्या, "मग खिडक्या पुसून घेत जा."

त्या नेहमी अलीकडच्या पट्टीवर खेळायच्या. सुरक्षित. पण एका शनिवारी त्यांनी मोठ्या डोक्याचा, लांब मारायचा क्लब मागितला. त्याला वूड म्हणतात. "ग्रीनवर जाऊ," त्या म्हणाल्या. डोळे गेल्यापासून चार वर्षांत त्यांनी एकदाही पहिल्या फटक्यात ग्रीन गाठलं नव्हतं, आणि कॅडी त्यांना तिथे तो क्लब कधी काढूनच देत नसे. मी दिला. फटका बसला, पण चेंडू नीट उचलला गेला नाही. उजवीकडे वळून बाभळीत गडप झाला.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

मला काय झालं कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती. मी म्हटलं, "ग्रीनवर, बाई! ग्रीनवर थांबला."

मनात म्हटलं, पलीकडे गेल्यावर माझ्या खिशातला एक चेंडू हळूच टाकून देईन. कुणाचं काय बिघडणार आहे?

बाईंनी एका हाताची मूठ दोनदा उघडून मिटली. मग क्लब माझ्या हातात देत म्हणाल्या, "माझ्या हाताला झिणझिण्या आल्यात. झिणझिण्या आणणारा चेंडू ग्रीनवर जात नाही. उजवीकडे बाभळीत गेलाय. पानं वाजली."

मी खिशातल्या चेंडूवरचा हात काढला.

"तीस वर्षं झोपवलेल्या माणसांचा श्वास ऐकत बसायचं काम केलंय मी. मला ऐकायला शिकवू नकोस." आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "मला दिसत नाही. कळत नाही असं नाही. तू मला दिसतंय ते सांगणार नसशील, तर तुझ्यापेक्षा ही ढकलगाडी बरी. ती निदान खोटं बोलत नाही."

त्या दिवशी राहिलेली सगळी होलं आम्ही न बोलता संपवली. मी फक्त लागेल तेवढं सांगत होते, पावलं, उतार, वारा. गाडीपाशी पोचल्यावर मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बुधवारी सातला. गेल्या वेळी दहा मिनिटं उशीर झाला होता."

त्यानंतर जानेवारीतला एक बुधवार. थंडी चांगली पडली होती. गवतावर दव होतं, विमानतळाकडून लढाऊ विमानं दोन-दोन करून उडत होती, आणि ती गेली की कोर्सवर अशी शांतता व्हायची की लांबचा माळी खोकला तरी ऐकू यावं. आम्ही सातव्यावर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच काचेवर चढत होतं.

मी सांगायला लागले. झेंडा ग्रीनच्या मधोमध, चकाकीच्या जरा डावीकडे. वारा इथे अजिबात नाही, तिथे झेंडा लटकलेला. नंतर म्हटलं, "नाही, थांबा. हलला. आपल्याकडून तिकडे."

"पाठीमागून?"

"हो. हलकासा."

बाईंनी हात पुढे केला. "वूड दे."

मी दिला. त्यांनी चेंडूमागे उभं राहून चेहरा वर केला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, चकाकी डोळ्यांच्या कोपऱ्यात बसेपर्यंत. मग चेंडूशेजारी आल्या. पाय रोवले. मान खाली घातली आणि चेंडूच्या बाजूच्या गवताकडे पाहिलं.

फटक्याचा आवाज अगदी बारीक झाला. लोक जोरात मारतात तसा कडाका नव्हता, कोरडी शेंग फुटावी तसा टक आवाज. चेंडू वर चढला. नाल्यावरून गेला, बाभळींच्या शेंड्यांवरून गेला, उन्हात आल्यावर क्षणभर पांढरा चमकला. मला वाटलं, आता पडेल. पडला नाही. पुढच्या वाळूच्या खड्ड्याच्या कडेवरून सुटला, ग्रीनच्या तोंडाशी टेकला, एक टप्पा घेतला, आणि हळूहळू, जणू कुणी हाताला धरून नेत असावं तसा, झेंड्याकडे चढत गेला. थांबला तेव्हा झेंड्यापासून तीन पावलांवर असेल.

मी आजवर त्या जागेवरून तरण्याताठ्या माणसांचे कितीतरी फटके पाहिले होते. असं काही पाहिलं नव्हतं. ज्या ग्रीनपायी मी पहिल्याच सकाळी तीन चेंडू नाल्यात घालवले, ते ग्रीन न बघता एका एकाहत्तर वर्षांच्या बाईने गाठलं होतं.

"बोल," बाई म्हणाल्या.

"ग्रीनवर आहे, बाई. झेंड्यापासून तीन पावलं."

त्यांनी फक्त मान माझ्याकडे वळवली. माझ्या लक्षात आलं, मागच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं. "खरंच, बाई. शपथ..."

"शपथ घेऊ नकोस. हाताला काहीच लागलं नाही. लोण्यातून सुरी गेल्यासारखं." त्यांनी वूड माझ्याकडे दिला. "चल. जाऊन बघू."

आम्ही उतरलो. पुलावर त्यांनी माझा दंड धरला, एरवी त्या नुसता कठड्याचा आधार घ्यायच्या. चढ चढून ग्रीनच्या कडेला आल्यावर त्यांनी बुटाने गवत चाचपलं. ग्रीनचं गवत सतरंजीसारखं बारीक असतं, ते पायाला लगेच कळतं. "इथून किती?"

"अकरा पावलं. सरळ."

त्या एकट्याच मोजत गेल्या. अकराव्या पावलाला थांबल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. तळहात गवतावर फिरवत नेले. चेंडूला बोट लागलं. नियमाच्या त्या पक्क्या. आधी स्वेटरच्या खिशातून नाणं काढून जागेची खूण म्हणून चेंडूच्या मागे ठेवलं, मगच चेंडू उचलला आणि डोळ्याच्या कडेशी धरला. त्यांच्या चेंडूंवर त्या लाल नेलपॉलिशने टिकली लावायच्या. ती टिकली त्यांना सापडली.

त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मी जवळ गेले नाही. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि चेहरा उन्हाकडे केला होता. रडत होत्या की नाही, मला सांगता येणार नाही. मला त्या वेळी देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. मी फारशी देवळात जाणारी नव्हे, पण दुसरा शब्द सापडत नाही.

मग त्या उठल्या. चेंडू ठेवून नाणं उचललं. मी पटरचं तोंड सरळ केलं, उतार सांगितला. त्यांनी चेंडू ढकलला. तो भोकाच्या कडेला लागून बाहेर फिरला. दुसऱ्या टोल्यात आत गेला.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"म्हणजे नेहमीचेच," त्या म्हणाल्या आणि इतक्या मोठ्याने हसल्या की आठव्या होलवरची माणसं वळून पाहायला लागली.

फेब्रुवारीत कॅडी परत आला. थोडा वाळला होता, मिशा तशाच. बाईंनी त्याला काही सांगितलं नव्हतं. ते मला सांगावं लागलं, सातव्याच्या ग्रीनवर, बाई आठव्याच्या दिशेने पुढे गेल्यावर. त्याने मधे एकदाही मला तोडलं नाही. वारा कसा होता विचारलं, झेंडा कुठे होता विचारलं. मग म्हणाला, "पडला कुठं? जागा दावा."

मी दाखवली. महिना होऊन गेला होता, खूण काय उरणार? तरी तो तिथे जाऊन उभा राहिला. चपला आधीच ग्रीनच्या बाहेर काढल्या होत्या. तिथून त्याने नाल्यापलीकडे, जिथून बाई मारतात त्या जागेकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"तीस वर्सं पिशवी उचलली," तो म्हणाला, "आन् त्या दिवशी म्या न्हाई."

त्याचं दुःख मला कळलं. मी म्हटलं, "तुम्ही असायला हवं होतं."

त्याने मान हलवली. "न्हाई. बरं झालं. म्या असतो तर वूड दिलाच नसता. म्हनलो असतो, बाई, नाला हाय, जपून, अलीकडं मारा. चार वर्सं त्येच म्हनत आलो." त्याने मिशीवरून हात फिरवला. "त्यांना जमत न्हाई म्हनून न्हाई. माजंच काळीज व्हत न्हवतं."

आठव्याकडून बाईंची हाक आली. तुमची सभा संपली असेल तर माझी पिशवी घेऊन या, म्हणाल्या. त्याने चपला घातल्या, ढकलगाडीवरची पिशवी काढून खांद्याला लावली. डॉक्टरांनी अजून आठवडाभर नको म्हणून सांगितलं होतं. मी तसं म्हणायला गेले, पण तो तोवर निघालाही होता, भराभरा, उताराने, पोट एका हाताने धरून.